मंदाआत्याला न लागलेल्या लॉटऱ्या

केरळातल्या कुठल्याशा नारळ उतरवणाऱ्याला वीस कोटींची लॉटरी लागली आणि आमच्या घरी आठवडाभर करपट चपात्या खाव्या लागल्या. त्या माणसाला हे कधी कळायचं कारण नाही. माझा गहू गिरणीत पडला होता. मंदाआत्या दगड आवळायच्या चाकावर हात ठेवून उभी होती. एवढ्यात नंबर लावून बसलेल्या कुणीतरी मोबाइलवरची बातमी मोठ्याने वाचली. आत्याने "किती?" म्हणून विचारलं, आकडा ऐकला आणि ती ते चाक फिरवतच राहिली. दगडावर दगड घासला, पीठ चटका बसण्याइतकं गरम होऊन खाली पडायला लागलं, जळका वास सुटला, तरी आत्या केरळातच होती.

"नारळ उतरवतो म्हंजे रोज झाडावर चढत आसंल," ती शेवटी म्हणाली. "आता चढंल का त्यो?"

आपल्याच पोराच्या नोकरीची काळजी करावी तसा तिचा चेहरा झाला होता. मग तिला पिठाचा वास आला. तिने गिरणी बंद केली, चिमूटभर पीठ बोटांत चोळून पाहिलं आणि मला म्हणाली, "सर, भाकरीसारख्या जाड करा चपात्या. करपट लागणार नाय."

मी तेव्हा गावात नवा होतो. मूळचा मी घोडेगावचा, पण माध्यमिक शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून नारायणगाव-खोडद रस्त्यालगतच्या या गावात आलो आणि गिरणीसमोरच खोली घेतली. त्यामुळे पुढची बरीच वर्षं जगात कुठेही कुणाला लॉटरी लागली, की ती मला आधी ऐकू यायची आणि मग कळायची.

ऐकू यायची, कारण आत्याचा आवाज. गिरणीच्या खडखडाटावर बोलून बोलून तिचा गळा तसाच घडला होता. गिरणी बंद असली तरी तो बंद होत नसे. कुणाच्या दुःखाच्या घरी भेटायला गेली, की ती कानात सांत्वन करायची आणि ते चार घरांना पुरायचं. भुवयांवर कायम पीठ असे. त्यामुळे ती रागावली की जास्तच म्हातारी दिसे आणि हसली की पीठ झडून एकदम तरुण.

गिरणी तिच्या वडिलांची. मुलगा नव्हता, म्हणून ते थकल्यावर लग्न होऊन पारगावला गेलेली मंदा नवऱ्याला घेऊन माहेरी परत आली आणि सगळ्या गावाची आत्या झाली. नवरा पहिल्या दिवशी गावात उतरला तेव्हा लोक त्याला 'पावणं' म्हणाले आणि पुढेही तेच म्हणत राहिले. डोक्याचे केस पांढरे झाले तरी तो पावणाच. मतदार यादीच्या कामात मला त्याचं खरं नाव एकदा दिसलं होतं. ते त्याला शोभत नव्हतं, म्हणून मी विसरून गेलो. पावणं गिरणीचा पट्टा, मोटर आणि झिजलेल्या दगडांना छिन्नीने टाकी लावणं, एवढं बघायचे. बोलायचं काम आत्याकडे होतं.

आत्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांचा हेवा वाटत नसे, हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. पलीकडच्या आळीत टोमॅटोच्या पैशातून कुणी ट्रॅक्टर आणला, तर आरतीचं ताट घेऊन पहिली तीच जायची. "राबलाय त्यो," म्हणायची. तिचा हेवा राखून ठेवलेला होता तो परक्या माणसांसाठी. ज्यांना ती कधी भेटली नव्हती, भेटणार नव्हती, आणि ज्यांना एका सकाळी उठल्या उठल्या काहीही न करता ढीगभर पैसे मिळाले होते, अशांसाठी.

त्यातही श्रीमंताला लागली की तिला बरं वाटायचं. दुबईत एका डॉक्टरला लॉटरी लागली, त्या दिवशी ती दिवसभर खूष होती. सरळ राग धरता येत होता. "त्याला काय कमी व्हतं?" असं तिने त्या दिवशी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारलं आणि प्रत्येकाने मान डोलवली. गरिबाला लागली, की मात्र तिची पंचाईत व्हायची. सकाळी ती त्याच्या बाजूने असे. दुपारच्या सुमाराला आकडा तिच्या अंगात भिनू लागे.

"लागू दे की. गरीब हाय बिचारा. पण येवढी? निम्मी बास झाली आसती."

"आणि उरलेली निम्मी कुणाला द्यायची, आत्या?" मी एकदा विचारलं.

"ते नंतर बघितलं आसतं," ती म्हणाली.

एकदा पेपरात आलं, की परदेशातल्या एका बाईने लॉटरीचे सगळे पैसे उडवले आणि आता ती पुन्हा हॉटेलात भांडी घासते. मला वाटलं, आता आत्याला समाधान मिळेल. तर तिने पदराने डोळे पुसले. "पैकं कसं ठेवायचं ते सांगाया घरात कोण नसंल हो तिला. मला इचारलं आसतं तर." दोन दिवस ती त्या बाईवर चिडून होती. पाहुणी म्हणून आलेल्या भाचीने काचेची बरणी फोडावी, तसं.

एवढं असून तिने स्वतः आयुष्यात एक तिकीट काढलं नव्हतं. नारायणगावच्या स्टँडजवळ लॉटरीचं दुकान होतं, ती त्यावरून जायची, पण मान वळवायची नाही. मी कारण विचारलं तेव्हा तिने चाळणीतला कोंडा झटकत सांगितलं, "तिकीट काढलं आन् नाय लागली, तर नशिबानं मला तोंडावर नाय म्हणल्यासारखं व्हतं. आता कसं, त्यानं मला अजून इचारलंच नाय."

तिच्या या व्यापात माझ्या गणिताचा बराच उपयोग झाला. विजेत्याचा फोटो आला, की तो मला दाखवायला आणायची. एका म्हाताऱ्याने दारापेक्षा मोठा पुठ्ठ्याचा चेक हातात धरला होता. आत्याने फोटो मोबाइलवर बोटांनी मोठा केला, लहान केला, परत मोठा केला.

"सर, ह्यो चेक ब्यांकेत न्यायचा कसा? दुमडायचा म्हणलं तर घडी पडंल. आमच्या ब्यांकेतला सायेब सही वाईच हालली तर परत करतो."

"आत्या, तो चेक दाखवायचा असतो. खोटा."

तिचा चेहरा उजळला. "म्हंजे खोटाच हाय."

"चेक खोटा. पैसे खरे."

"मग आवघड हाय," म्हणून तिने मोबाइल पदरात गुंडाळला.

गावाने सगळ्यात जास्त दिवस चघळलेलं प्रकरण मात्र अमेरिकेतल्या जॅकपॉटचं. रक्कम इतकी मोठी होती, की बातमी वाचणाऱ्यालाही ती नीट वाचता येईना. मला बोलावून घेतलं. मी डॉलरचे रुपये केले आणि गिरणीच्या भिंतीवर खडूने आकडा लिहायला घेतला. शून्यं भिंतीवरून चौकटीवर गेली. पावणं, जे सहसा मोटरशिवाय कशाकडे बघत नसत, तेही उठून आले आणि शून्यांवरून नजर फिरवत दारापर्यंत गेले. तिथे उभं राहून ते म्हणाले, "ताईला पारगावात घर बांधून देऊ."

ताई म्हणजे त्यांची धाकटी बहीण. साखर कारखान्याजवळ पत्र्याच्या घरात राहणारी.

आत्याने विचारलं, "कुठल्या पैशानं?"

"ह्येच की," पावणं भिंतीकडे हात करून म्हणाले.

"माझ्या पैशानं तुमच्या बहिणीला घर?"

"तुझं कशानं झालं? हिशोब सरांनी केला, भित माझ्या हातची."

तिथून जे पेटलं ते पेटलंच. त्या पैशातून आत्याला गिरणीवर मजला चढवायचा होता आणि आपल्या माहेरच्या देवीला चांदीचा मुखवटा करायचा होता. पावण्यांचं म्हणणं, मजला चढवायला जागा लागते, बहीण मात्र आहेच. दोघांचं बोलणं बंद झालं. पण गिरणी दोघांशिवाय चालत नाही. मग ते गिऱ्हाइकांमार्फत बोलू लागले. आत्या म्हणे, "सर, ह्यांना सांगा, पट्टा ढिला झालाय." पावणं दोन हातांच्या अंतरावर उभे असत. मी सांगे, "पावणं, पट्टा ढिला झालाय." ते म्हणत, "त्यांना म्हणावं, पट्ट्याचं आमी बघतो. तुमी तुमच्या मजल्याचं बघा." एकदा बाजरीनंतर गहू टाकायचा की नाही, हा प्रश्न एका म्हातारीने चार वेळा इकडून तिकडे नेला आणि शेवटी दळण तसंच घेऊन घरी गेली.

समेट घडवला तो अमेरिकेच्या सरकारने. बातमी आली, की त्या विजेत्याला त्यातला मोठा हिस्सा कर म्हणून द्यावा लागणार. मी हे सांगितल्यावर दोघं एकमेकांकडे बघायला लागले. घरात चोरी झाल्यावर नवरा-बायको बघतात तसे.

"येवढे सरकारनं घेतले?" पावण्यांनी सरळ आत्यालाच विचारलं.

"मंग आता ताईचं घर कसं व्हायचं?" आत्या म्हणाली. तिने थोडा विचार केला. "दोन खोल्या बांधू. पण स्लॅब नको. पत्राच टाकू."

पावणं कबूल झाले. खडूचा आकडा मात्र पुढच्या दिवाळीला चुना मारेपर्यंत भिंतीवर होता आणि येणारे-जाणारे त्यातलं एखादं शून्य खांद्याने पुसून कपड्यांवर घेऊन जात.

आत्या हा विषय देवापुढेही काढायची. एका संकष्टीला आम्ही गिरणीतली काही मंडळी जीप करून ओझरला गेलो. विघ्नहराच्या गाभाऱ्यात माणसं हात जोडून पुटपुटत होती. आत्याला पुटपुटणं माहीतच नव्हतं.

"देवा, मला दे आसं मी कधी म्हणले का? नाय म्हणले," ती म्हणाली. सगळी रांग ऐकत होती. "पण देताना वाईच चौकशी करत जा."

पुजाऱ्यांनी तिच्या हातावर खडीसाखर ठेवली आणि पुढं चला म्हणाले. बाहेर आल्यावर ती दीपमाळेजवळ थांबली. "ऐकलं त्यानं," मला म्हणाली, "पण उत्तर दिलं नाय. आडचण झाली आसंल."

असं सगळं ठीक चाललं होतं. मग पावणं गिरणीचा नवा पट्टा आणायला नारायणगावला गेले.

परत आले तेव्हा पट्टा खांद्यावर होता आणि हातात लॉटरीचं तिकीट. जीपवाल्याने सुट्टे मागितले, ते लॉटरीच्या दुकानात नोट मोडायला गेले, दुकानदार म्हणाला, तिकीट घ्या तर सुट्टे देतो. एवढंच. पावण्यांनी ते असं सांगितलं, जसं कुणी सांगावं की वाटेत पाय घसरला.

आत्या पोत्यावर बसली. नवा पट्टा खुंटीवर तसाच लटकत राहिला.

"मला न इचारता?"

"तुला इचारलं आसतं तर तू नाय म्हणली आसती."

"मंग तेच तर."

तिकीट ठेवायचं कुठे, यावर सकाळ गेली. देव्हाऱ्यात ठेवलं तर मागितल्यासारखं होतं. ट्रंकेत ठेवलं तर लपवल्यासारखं. शेवटी ते साखरेच्या डब्यात गेलं आणि डबा उघडायला नको म्हणून सोडतीच्या दिवसापर्यंत त्या घरी गुळाचा चहा झाला.

आणि आत्याचा आवाज उतरला. हे गावाने कधी ऐकलं नव्हतं. गिरणी सुरू असताना तिचं बोलणं ऐकू येईना. लोक माझ्याकडे चौकशी करू लागले, "आत्या बरी हाय ना?" एका दुपारी ती आमच्या पायरीवर येऊन बसली. माझ्या बायकोने चहा दिला, तो तिने बशीत ओतला आणि न पिता त्यावर फुंकर मारत राहिली.

"सर, समजा लागली. मोठी लागली. मंग लोक मला काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"मी म्हणते तेच की."

मी म्हटलं, एवढ्या लांबचा विचार कशाला करता. पण तिला ते लांबचं वाटत नव्हतं. केरळातला नारळवाला, दुबईचा डॉक्टर, भांडी घासणारी बाई, या सगळ्यांना तिने इतकी वर्षं गिरणीच्या फळीवर बसवून बोलून घेतलं होतं. आता त्यांच्या शेजारी आपल्याला बसावं लागेल, या कल्पनेने तिला घाम फुटत होता.

निकाल मी मोबाइलवर पाहिला. शेवटचे आकडे जुळले. बक्षीस होतं पाचशे रुपये.

आत्याच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली. मग अपमान. "येवढंच द्यायचं व्हतं तर मला इतके दिवस जागं कशाला ठेवलं?" तिने साखरेचा डबा उघडून सगळ्यांना चहा केला, भरपूर गोड, आणि गिरणी सुरू केली.

इथेच धुळाभाऊ आला. धुळाभाऊ मेंढरंवाला. गावाबाहेर त्याच्या मेंढरांचा वाडा, दिवसभर मेंढरांमागे चार गावं फिरणं, आणि दर आठवड्याला बाजरीचं दळण. गिरणी जोरात होती. आत्या पिठात कोपरापर्यंत बुडालेली.

"लागली म्हणं?" धुळाभाऊ ओरडला.

आत्याने मान हलवली.

"किती?"

आत्याने पिठातला हात वर काढला आणि पाच बोटं दाखवली. पांढरीशुभ्र पाच बोटं. 'शे' दाखवायला बोट नसतं.

धुळाभाऊने बाजरी तिथेच ठेवली आणि मेंढरं हाकत निघाला. तो ज्या ज्या बांधावरून गेला, तिथे तिथे बातमी ठेवत गेला. पहिल्या बांधावर ती पाच लाख होती. संध्याकाळी तो परत आला तेव्हा त्यालाच कुणीतरी सांगितलं, की मंदाआत्याला पन्नास लाख लागले. धुळाभाऊला वाईट वाटलं, कारण तोपर्यंत तो कमी सांगत फिरत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रिकेट स्पर्धेची पोरं आली. पहिल्या बक्षिसाला नाव देणार का, विचारायला. मग मंडळाचे अध्यक्ष. मग एकजण ओढ्याकाठची जमीन विकतोय, ती घ्या म्हणून. खरं सांगायचं तर पहिला दिवस आत्याने मजेत घालवला. ती ठेवणीतलं लुगडं नेसून स्टुलावर बसली होती. मी म्हटलं, "आत्या, खरं काय ते सांगून टाका." ती म्हणाली, "मी काय खोटं बोलले का? मी कायच बोलले नाय." आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या नशिबाकडे बघत होतं. ते लगेच झटकून टाकणं तिला जमेना.

तिसऱ्या दिवशी पारगावहून पावण्यांची ताई आली. मोठी पिशवी भरून शेवया आणि पापड घेऊन. चहा झाल्यावर ती लाजत म्हणाली, "वैनी, दादा म्हणला व्हता दोन खोल्या. पत्राच टाका, माझी काय हरकत नाय."

आत्याने पावण्यांकडे पाहिलं. पावणं मोटरीकडे पाहू लागले.

मग आत्याने खरं सांगितलं. ताईला, पोरांना, अध्यक्षांना. कुणालाही पटलं नाही. जितकं ती जास्त सांगे, तितकी तिची रक्कम वाढे. पावणं पाचशे रुपये घेऊन आले, तेही दुकानदाराशी भांडून, कारण तो त्याबदली तिकिटंच देत होता. त्या पैशाचे पेढे आणून आत्याने घरोघरी वाटले. गाव मोठं, पेढे कमी, म्हणून प्रत्येकाला अर्धा. "लाखाची धनी आन् अर्धा पेढा," असं लोक पेढा तोंडात असतानाच म्हणाले.

आणि हळूहळू दळणं थांबली. तिला आता काय गरज, असं म्हणून बाया डोक्यावर डबे घेऊन पुढच्या गावच्या गिरणीला जायला लागल्या. तिथे दळण भरड निघायचं, तरी जात होत्या. आमच्यासमोरची गिरणी दुपारभर बंद राहू लागली. पावणं रिकाम्या मोटरीला तेल देत बसत. इतकं तेल दिलं, की ती आता सुरू केली तर घसरून जाईल असं वाटे. हे दोघं जगत होते ते त्या गिरणीवर, आणि माझ्या घरच्या दळणावर काही गिरणी चालत नाही.

एक दिवस आत्याच्या शाळेतली मैत्रीण रस्त्याने डबा घेऊन चालली होती. आत्याने हाक मारली. ती थांबली, पण आत आली नाही. म्हणाली, "तुला काय कमी व्हतं गं, मंदा?" आणि गेली.

आत्या रस्ता ओलांडून आमच्या पायरीवर आली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "सर, मला तिचा राग नाय आला. तिचं बरोबर हाय. मीबी आसंच म्हणले आसते. पण मला खरंच लागली आसती, तर निदान ऐकून घ्यायला बळ आलं आसतं. पाचशे रुपयात किती ऐकायचं?"

माझी बायको आत गेली आणि आठवड्याचं पीठ घरात असताना पुढच्या महिन्याचाही गहू दळायला काढून घेऊन आली.

सुटका झाली ती मंचरकडच्या एका मुलामुळे. त्याने मोबाइलवर क्रिकेटची टीम लावली आणि त्याला एक कोटी रुपये लागले. त्याचा गुलाल लावलेला फोटो मोबाइलवरच्या सगळ्या ग्रुपवर फिरला. एका दिवसात गाव आत्याला विसरलं. आणि मग गावाच्या लक्षात आलं, की या मुलाबद्दल बोलायला नीटशी जागाच नाही. पुढच्या गावचा गिरणीवाला मुका नव्हता, पण तो फक्त दळायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याच्या दारात डब्यांची रांग लागली. शाळेतली मैत्रीण पहिल्या नंबरला होती. तिने डबा खाली ठेवला, आत्याने तो उचलून वरच्या पेटीत ओतला, आणि दोघींच्यात झाल्या गोष्टीबद्दल एवढंच बोलणं झालं, की गहू ओला आहे का.

मग सगळे आत्याच्या तोंडाकडे बघायला लागले. धुळाभाऊ पुढे सरकला. "आत्या, एक कोटी लागले त्या पोराला. बसल्या जागी."

आत्याने गिरणीचा दगड थोडा सैल केला. "पाचशे लागले आसतील," ती म्हणाली.

"आवो, फोटो आलाय."

"फोटूचं काय सांगतो. माझे तर तुझ्यामुळं पन्नास लाख झाले व्हते."

धुळाभाऊ हिरमुसला. सगळेच हिरमुसले. ज्यासाठी परत आले, ते मिळालंच नाही. आत्या त्या मुलाच्या बाजूने बोलत राहिली. त्याला म्हणावं दार लावून बस, म्हणाली. पेढे वाटू नको, आणि वाटलेच तर अख्खे वाट. पंधरा दिवस ती अशीच समजूतदार होती आणि गिरणीत कुणाला करमेना. मग ऑस्ट्रेलियात एका बाईला, जिच्याकडे आधीच समुद्रावर घर होतं, जॅकपॉट लागला. रविवारी सकाळी मी दाढी करत होतो. समोरून आवाज आला, "तिला काय कमी व्हतं?" तो इतका भरलेला होता, की माझ्या हातातला वस्तरा थांबला. बायको आतून म्हणाली, "आत्याला बरं वाटतंय."

त्यानंतर वर्षभरात माझी बदली घोडेगावला झाली. आत्या मला शेवटची दिसली ती खोडदला. वर्षातून एकदा तिथल्या रेडिओ दुर्बिणी लोकांना बघायला खुल्या ठेवतात, शाळांच्या सहली येतात. मी माझ्या नव्या शाळेची मुलं घेऊन गेलो होतो. एका भल्याथोरल्या जाळीच्या तबकडीखाली गर्दी होती आणि गर्दीतून मला तो आवाज ऐकू आला. पावणं छत्री धरून उभे होते. आत्या एका तरुण शास्त्रज्ञ मुलीचं बोलणं डोकं वाकडं करून ऐकत होती. मुलगी सांगत होती, की इथे फार दूरच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या लहरी ऐकतात.

"मंग तिकडं कोन ऱ्हातं का?" आत्याने विचारलं.

"अजून तरी कुणी सापडलं नाही, आजी."

"पण हुडकताय?"

"हो. शोध चालूच असतो."

आत्याने मान वर करून तबकडी न्याहाळली. मग म्हणाली, "सापडलं, तर त्ये कसं ऱ्हातंय, काय खातंय, मला कळवू नका. मला हितल्यांचंच उरकत नाय."

मुलगी हसली. आत्याने मला ओळखलं, माझ्या पाठीवर थाप मारली, बायकोची चौकशी केली, आणि पावण्यांच्या छत्रीखाली फाटकाकडे चालू लागली. माझी मुलं रांगेत उभी राहत होती, त्यांची मोजदाद करत असताना पाहिलं तर ती वळून परत येत होती. पावणं छत्री घेऊन मागे मागे. ती त्या मुलीपर्यंत गेली आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"लईच मोठं काय आसलं, तर मात्र कळवा. गिरणी कुनीबी दाखवील."